मामांचा एक्सपी नव्या कॉम्प्युटरात न्यायचा आहे

निपाणीहून एक ताई लिहितात:

"आमचा घरचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांची पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि हिवाळ्यात गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका असं काम असतं. सगळं टाइपसेटिंग २००७ साली घेतलेल्या एका कॉम्प्युटरवर चालतं. त्यात विंडोज एक्सपी, पानं जुळवायला पेजमेकर ७, कोरल ड्रॉ आणि मराठी टाइप करायला श्रीलिपी आहे. श्रीलिपीचं यूएसबीचं लॉक, ज्याच्याशिवाय ती चालत नाही, मागच्या बाजूला कायम लावलेलं असतं. महिनाभर झालं, चालू करताना आतून टकटक आवाज येतो, मध्येच निळा पडदा येतो. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारू नाहीतर नवा घ्या, नव्यावर जुनं काही चालणार नाही. भाचा म्हणतो, सगळं जसंच्या तसं व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकू. सासरे, म्हणजे मामा, म्हणतात लग्नसराई संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आमचे ऑपरेटर पंचवीस वर्षं टाइपरायटरच्या कीबोर्डवर काम करतात, त्यांना नवीन काही नको आहे. कुणाचं ऐकू?"

ताई, भाच्याचं ऐका. मार्ग त्यानं बरोबर सांगितलाय. पण त्याच्या आधी एक काम आहे आणि ते लग्नसराईपर्यंत थांबणारं नाही. त्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत आधी काढून घ्या. टकटक वाजणारी डिस्क कधी बंद पडेल ते कुणालाच सांगता येत नाही. पण दर वेळी चालू केल्यावर तिचं आयुष्य कमी होतं, एवढं नक्की. मामांना सांगा की आत्ता छापखाना एक दिवस टाइपसेटिंगविना राहील. डिस्क ऐन मे महिन्यात गेली तर अख्खा हंगाम जाईल, आणि हातात घेतलेल्या पत्रिकाही.

फॉरमॅटला साफ नकार द्या. निळा पडदा विंडोज बिघडल्यामुळे येत असता तर फॉरमॅटनं निदान यंत्र तरी चाललं असतं. इथे आवाज डिस्कमधून येतोय. तिच्यावर फॉरमॅट मारणं म्हणजे वीस वर्षांचं काम स्वतःच्या हातानं पुसायचं आणि वर मरत्या डिस्कवर नवं विंडोज बसवायचं. कुणी 'चेकडिस्क चालवून बघू' म्हणालं तर तेही आत्ता नको. चेकडिस्क खराब जागा दुरुस्त करायला जाते, त्या नादात फाइलींचे तुकडे करते आणि थकलेल्या डिस्कला तासन्‌तास पळवते. आधी प्रत, मग उरलेलं सगळं.

प्रत कशी काढायची, ते जरा सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या कामाचा जीव इथेच आहे. कॉम्प्युटर बंद करून डिस्क बाहेर काढा. मागे रुंद, चपटी, रिबनसारखी केबल असेल तर डिस्क आयडीई, बारीक केबल असेल तर साटा. दोन्ही चालणारा यूएसबी कन्व्हर्टर बेळगावात किंवा कोल्हापुरात सहज मिळतो. फक्त त्याच्यासोबत वेगळा पॉवर ॲडॅप्टर आहे ना ते बघून घ्या, मोठी डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. ही डिस्क चालत्या विंडोजला जोडू नका. विंडोज लगेच 'स्कॅन करून दुरुस्त करू का' किंवा 'फॉरमॅट करू का' असं विचारतं आणि घाईत कुणीतरी हो म्हणतं. त्यापेक्षा भाच्याला पेनड्राइव्हवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घेऊन त्यावरून दुसरा कॉम्प्युटर चालू करायला सांगा आणि डीडीरेस्क्यू नावाच्या मोफत प्रोग्रामनं प्रत काढायला सांगा. तो आधी चांगल्या जागा पटापट वाचून घेतो, अडणाऱ्या जागा बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो. कुठपर्यंत वाचलं याची नोंदही एका फाइलीत ठेवतो. त्यामुळे मध्येच हेस्कॉमनं वीज घालवली तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं.

इथे एकच धोका आहे, तो नीट वाचा. या प्रोग्रामला आधी कुठून वाचायचं आणि मग कुठे लिहायचं ते सांगावं लागतं. ही दोन नावं उलटी पडली तर कोरी डिस्क जुन्या डिस्कवर उतरते. एंटर मारण्याआधी दोन्ही डिस्कचं मॉडेल आणि आकार दोघांनी मोठ्यानं वाचा. दोघांनी, एकट्यानं नको.

प्रत ठेवायला बाहेरची नवी डिस्क घ्या. तुमची जुनी डिस्क ८० जीबीची असेल तर प्रतही तेवढीच होणार, डिस्कचा रिकामा भागही तिच्यात येतो. ती फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर मावणार नाही, त्या फॉरमॅटमध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही. एनटीएफएस असलेली डिस्क घ्या. प्रत पूर्ण झाली की तिचीही एक प्रत काढा आणि ती दुसरी प्रत कपाटात ठेवून द्या. पुढचे सगळे प्रयोग पहिल्या प्रतीवर होतील, दुसरीला कुणी हात लावायचा नाही. दरम्यान कन्व्हर्टरला जोडल्यावर जुनी डिस्क ओळखलीच गेली नाही, नुसतीच टकटकत राहिली, तर तिथेच थांबा. ती घरी उघडायची नाही. अशी डिस्क उघडायला धूळविरहित खोली लागते. डेटा काढून देणाऱ्यांकडे ती द्यावी लागेल, ते खर्चाचं काम आहे. तुमची डिस्क अजून विंडोज चालू करतेय म्हणजे त्या टोकाला गेलेली नाही.

आता व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते मामांना समजेल असं सांगतो. नवा कॉम्प्युटर हे मोठं घर धरा, जुना एक्सपी त्यातल्या एका खोलीत राहायला आलेला भाडेकरू. त्याची चूल वेगळी, सामान वेगळं. आपण दुसऱ्याच्या घरात आहोत हे त्याला माहीतही नसतं. नव्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम चालतो आणि तो एक्सपीला खोटा प्रोसेसर, खोटी डिस्क, खोटं पडद्याचं कार्ड दाखवतो. तुमच्या ८० जीबीच्या डिस्कची ती प्रतच त्याची डिस्क होते. खिडकी उघडली की मामांचा तोच हिरवा स्टार्ट, डेस्कटॉपवर तीच फोल्डरं, तोच पेजमेकर.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे मात्र मान्य करायला हवं. आजचं विंडोज ११ फक्त ६४ बिटचं येतं. ६४ बिटचं विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवत नाही, आणि त्या काळातल्या काही सीडींवरचे इन्स्टॉलर १६ बिटचे होते. लॉकसाठी लागणारा जुना ३२ बिटचा ड्रायव्हरही, म्हणजे लॉकशी बोलणारा छोटा प्रोग्रामही, ते आत घेत नाही. म्हणून 'पेजमेकर कसाबसा चालला, पण लिपी चालली नाही' असं बऱ्याच ठिकाणी होतं. एक्सपीला त्याच्याच खोलीत ठेवलं की हा प्रश्न येतच नाही, कारण आत सगळं ३२ बिटचंच राहतं.

व्हर्च्युअल मशीनसाठी मी तुम्हाला व्हर्च्युअलबॉक्स सुचवेन. तो ओरॅकलचा आहे, मूळ प्रोग्राम मोफत आहे आणि धंद्यासाठी वापरला तरी चालतो. त्याच्यासोबतचा एक्स्टेन्शन पॅक मात्र धंद्यासाठी मोफत नाही. तुम्हाला तो लागणारही नाही, कारण २०२२ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून यूएसबी २ आणि ३ ची सोय मूळ प्रोग्राममध्येच आहे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हा दुसरा चांगला पर्याय, तोही नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना मोफत झाला. विंडोज प्रोमध्ये येणारा हायपर-व्ही तुमच्या कामाचा नाही. त्यात यूएसबीचं लॉक सरळ आत देता येत नाही, आणि तुमचं सगळं त्या लॉकवर अडलंय.

नवा कॉम्प्युटर फार भारी लागत नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असली की झालं, त्यातली १ जीबी एक्सपीला दिली तरी तो जुन्या यंत्रापेक्षा वेगानं पळतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघायला लावा. एवढं करूनही व्हर्च्युअलबॉक्स मंद वाटला आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात कासवाचं चित्र दिसलं तर समजा की विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही आडवा येतोय. विंडोज ११ मध्ये सुरक्षेची 'मेमरी इंटिग्रिटी' ही सोय चालू असली तरी तसं होतं. ती बंद केली की वेग येतो, पण त्याबरोबर नव्या कॉम्प्युटरची एक सुरक्षा कमी होते. पेजमेकरला एवढा वेग लागत नाही. मी तुमच्या जागी असतो तर कासव राहू दिलं असतं.

डीडीरेस्क्यूनं काढलेली प्रत व्हर्च्युअलबॉक्ससोबत येणाऱ्या कमांडनं व्हीडीआय फाइलीत, म्हणजे त्याला समजणाऱ्या खोट्या डिस्कच्या फाइलीत, बदलता येते. मग नवं मशीन बनवताना प्रकार विंडोज एक्सपी ३२ बिट निवडा आणि ती फाइल आयडीई कंट्रोलरला जोडा. साटाला जोडू नका, एक्सपीकडे साटाचा ड्रायव्हर मुळात नसतो. मशीनच्या सेटिंगमधला ईएफआयचा पर्याय बंद ठेवा.

पहिल्यांदा चालू केल्यावर बहुतेक वेळा निळा पडदा येतो. घाबरू नका, माल शाबूत असतो. एक्सपी जुन्या मदरबोर्डशी बांधलेला असतो आणि नवी खोटी मदरबोर्ड त्याला ओळखू येत नाही. पडद्यावरच्या कोडच्या शेवटी ७बी असेल तर त्याला डिस्कचा कंट्रोलर सापडत नाहीय. यावर एक्सपीच्या सीडीवरून 'रिपेअर इन्स्टॉल' करता येतं. सीडीवरून चालू केल्यावर पहिल्याच पडद्यावर आर दाबायचं नाही, तो रस्ता वेगळा आहे. आधी एंटर, मग एफ८, आणि जुनं विंडोज सापडल्याचं दिसल्यावर मग आर. यात प्रोग्राम आणि फाइली तशाच राहतात, विंडोजचे भाग तेवढे नव्यानं बसतात. दुसऱ्या काही कोडवर आधी व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमधला 'आयओ एपिक'चा पर्याय चालू करून बघा, जुनं यंत्र दोन कोअरचं असेल तर तो हवाच असतो. जुना कॉम्प्युटर इंटेलचा आणि नवा एएमडीचा असेल तर इंटेलपीपीएम नावाचा एक ड्रायव्हर आत अडून बसतो. सेफ मोडमध्ये जाऊन तो बंद करायचा. ही तिन्ही कामं भाच्याला झेपतील. दर वेळी प्रयोगाआधी व्हीडीआय फाइलीची प्रत घेतली असली की चुकलं तरी पुन्हा सुरुवात करता येते.

एक सोपी वाटही आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचा डिस्कटूव्हीएचडी हा छोटा प्रोग्राम चालू विंडोजमधूनच डिस्कची प्रत काढतो, त्याच्या जुन्या आवृत्त्या एक्सपीवर चालायच्या. डिस्क धडधाकट असलेल्या वाचकांनी तोच वापरावा. शिवाय प्रत काढण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर 'स्टँडर्ड ड्युअल चॅनेल पीसीआय आयडीई' असा करून ठेवावा, म्हणजे ७बीचा निळा पडदा येतच नाही. ताई, तुम्ही मात्र ही वाट धरू नका. तुमच्या डिस्कला आता जेवढ्या कमी वेळा चालू कराल तेवढं बरं.

एक्सपी आत चालू झाला की तो ॲक्टिव्हेशन मागेल. यंत्रातले बरेच भाग बदललेले दिसले की एक्सपी तीन दिवसांची मुदत देतो. इथे परवान्याचं सरळ बोलू या. जुन्या कॅबिनेटवर विंडोजचं स्टिकर आहे का बघा, त्यावर 'ओईएम' लिहिलंय का ते वाचा. ओईएम परवाना त्या एका यंत्राबरोबरच येतो आणि त्याच्याबरोबरच संपतो, तो व्हर्च्युअल मशीनमध्ये न्यायची मुभा त्यात नाही. वेगळ्या खोक्यात विकत घेतलेला परवाना असेल तर जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. कुणा नातेवाइकाकडे किंवा ओळखीच्या कचेरीत विंडोज ७ प्रोफेशनल असेल, तर त्याबरोबर मायक्रोसॉफ्टनं 'एक्सपी मोड' मोफत दिला होता. त्यात परवान्यासकट एक्सपी असायचा, पण तो त्या विंडोज ७ च्या यंत्रावरच वापरायचा. आणि स्टिकरच नसेल, सीडीवर मार्करनं लिहिलेलं असेल, आपल्याकडे असे कितीतरी कॉम्प्युटर होते, तर क्रॅक शोधत बसू नका. त्या परिस्थितीत व्हर्च्युअल मशीन सोडून द्या, प्रतीतून फाइली आणि फॉन्ट बाहेर काढा आणि लिपीच्या नव्या आवृत्तीची चौकशी करा.

हाच नियम लॉकलाही लागू आहे. नेटवर 'डोंगल एम्युलेटर' म्हणून मिळणाऱ्या, लॉकची नक्कल करणाऱ्या फाइली छापखान्यात आणू नका. तुमच्याकडे खरं लॉक आहे, विकत घेतलेलं आहे, मग खोट्याची गरज काय? लॉक नव्या कॉम्प्युटरला लावा आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबीच्या यादीतून ते आतल्या एक्सपीला द्या. 'फिल्टर' म्हणून त्याची कायमची नोंद करा, म्हणजे ऑपरेटरकाकांना रोज ते जोडत बसावं लागणार नाही. आत एक्सपीमध्ये लॉकचा ड्रायव्हर आधीपासून आहेच, तो बहुतेक वेळा लगेच ओळखतो. तुमचं लॉक यूएसबीचं आहे हे तुमचं नशीब. ज्या वाचकांचं लॉक प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात बसतं, त्यांनी यूएसबीचा कन्व्हर्टर घेण्याआधी विचार करावा. तो कन्व्हर्टर प्रिंटरसाठी असतो, लॉक त्याच्यातून सहसा बोलत नाही. अशांनी लिपी बनवणाऱ्या कंपनीला फोन करून लॉक बदलून मिळतं का ते आधी विचारावं. आणि तुम्हीही, ताई, आपल्या लॉकवरचा नंबर लिहून ठेवा. ते हरवलं तर सगळं मशीन चालू असूनही एक शब्द टाइप होणार नाही.

छपाईचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पहिल्याच दिवशी विचाराल. जुना प्रिंटर एक्सपीच्या आतून चालवण्याच्या भानगडीत पडू नका. आतून पीडीएफ काढा आणि छपाई बाहेरच्या विंडोजवरून करा. पेजमेकरसोबत पीडीएफ बनवणारा ॲक्रोबॅट डिस्टिलर असेल तर उत्तम. नसेल तर पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर टाकून 'प्रिंट टू फाइल' करा आणि ती फाइल बाहेर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामनं पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झालेत का, म्हणजे फाइलीच्या आत गेलेत का, हे बघायला ती फाइल मोबाइलवर उघडा, तिथे श्रीलिपीचे फॉन्ट नसतातच. अक्षरं नीट दिसली तर प्लेट काढणाऱ्याकडेही नीट दिसतील. तिथे 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा ढीग दिसला तर फॉन्ट आत गेलेले नाहीत. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, म्हणून फॉन्ट गेला की मजकूरही गेल्यासारखा दिसतो. कन्नड मजकूर नुडी किंवा बरहाच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तुमच्याकडे दुभाषी पत्रिका असणारच, तर त्यालाही हेच लागू.

पीडीएफ आतून बाहेर आणायला शेअर्ड फोल्डर वापरा. त्यासाठी आतल्या एक्सपीमध्ये व्हर्च्युअलबॉक्सचं 'गेस्ट ॲडिशन्स' टाकावं लागतं. नव्या व्हर्च्युअलबॉक्समधलं एक्सपीवर नीट बसलं नाही तर त्याच्या जुन्या आवृत्तीतलं टाकून बघा. नेटवर्कवरून फाइली देण्याचा प्रयत्न करू नका. नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची जी एसएमबी नावाची पद्धत आहे, तिची पहिली आवृत्तीच एक्सपी बोलतो आणि आजचं विंडोज ती बंद ठेवतं. सुरक्षेच्या दृष्टीनं ती बंद असलेलीच बरी.

आणि एक्सपीचं इंटरनेट कायमचं बंद ठेवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्कची केबल काढलेली आहे असं एका टिचकीत सांगता येतं. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हा त्यांनी एक्सपीसाठीही एक दुरुस्ती अपवाद म्हणून दिली होती, पण अशा अपवादाच्या भरवशावर धंदा चालत नाही. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्हसुद्धा सरळ एक्सपीला देऊ नका. बाहेरच्या विंडोजमध्ये तपासा, तिथून शेअर्ड फोल्डरमध्ये टाका.

स्नॅपशॉटबद्दल एक सांगतो, कारण भाचा त्यावर खूश होईल. मशीनची आत्ताची स्थिती साठवून ठेवायची ही सोय कामाची आहे, पण तो बॅकअप नव्हे. डिस्क गेली तर स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जातात. शिवाय त्यांची साखळी वाढत गेली की जागा खातात आणि मशीन जड होतं. एक-दोनच ठेवा. बॅकअप म्हणजे मशीन पूर्ण बंद करून त्याचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. आठवड्याला एकदा करा, आणि अशी एक डिस्क छापखान्याबाहेर घरी ठेवा. मशीन बंद करायचं ते आतल्या एक्सपीच्या स्टार्टमधून, खिडकीच्या फुलीवरून नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी येते-जाते ते तुम्हाला सांगायला नको. यूपीएस नसेल तर नव्या कॉम्प्युटरबरोबरच घ्या, चालू मशीनची वीज गेली तर अख्खी व्हीडीआय फाइल बिघडू शकते.

आता ज्यासाठी मला हे पत्र इतकं महत्त्वाचं वाटलं, ते. तुमच्या त्या डिस्कवर नुसता धंदा नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत दर वर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, त्यांच्या स्मरणिका कुठल्या मोठ्या ग्रंथालयात जातात? काही शे प्रती निघतात, पाहुण्यांना वाटल्या जातात, आणि दहा वर्षांनी अध्यक्षांचं भाषण कुणाला हवं असेल तर ते मिळायची एकच जागा उरते, ज्या छापखान्यात ते जुळवलं गेलं तिथला कॉम्प्युटर. सीमाभागात सरकारी कागद कन्नडमध्ये निघतात. मराठीचं लिखित जगणं पत्रिकांमध्ये, सोसायट्यांच्या अहवालांमध्ये, संमेलनांच्या पुस्तिकांमध्ये टिकून आहे, आणि ते तुमच्यासारख्या घरांच्या हातात आहे. म्हणून माझं ठाम म्हणणं असं की व्हर्च्युअल मशीन चालू झालं की त्यातून रोजचं काम करत बसण्यापेक्षा जुन्या कामाची पीडीएफ काढण्यासाठी ते आधी वापरा. स्मरणिका आणि अहवाल पहिले, पत्रिका नंतर. रोज दोन-चार फाइली उघडून पीडीएफ करायच्या, नाव-गाव-साल देऊन ठेवायच्या. हे मशीनही पाच-दहा वर्षांत जुनं होईल, लॉक मोडेल, पुढचं विंडोज येईल. पीडीएफ मात्र उघडेल. संमेलनाच्या मंडळांनाही एकेक प्रत द्या, त्यांना ती हवीच असेल.

नवं काम हळूहळू युनिकोडवर न्या, म्हणजे मोबाइलवर चालते त्या, कुठल्याही फॉन्टमध्ये वाचता येणाऱ्या मराठीवर. पेजमेकर युनिकोड जाणत नाही. त्याची शेवटची आवृत्ती, तुमचीच ७, २००१ मधली. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये सीएस६ या आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळते, आणि पेजमेकरच्या ६ व ७ च्या फाइली थेट उघडणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्तीही सीएस६ च, त्यानंतरच्यांत ती सोय नाही. पैसे घालायचे नसतील तर मोफत स्क्रायबस १.६ बघा, त्यातही देवनागरीची जोडाक्षरं नीट बसतात. लिबरऑफिस ड्रॉ आणि स्क्रायबस दोन्ही पेजमेकरच्या फाइली उघडतात, मांडणी विस्कटते पण मजकूर हाती लागतो. तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतो, र आणि रफार मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात.

ऑपरेटरकाकांना सांगा, त्यांची बोटं कुणी बदलायला लावत नाही. युनिकोडमध्येही टाइपरायटरच्या मांडणीचे कीबोर्ड मिळतात. पहिले काही महिने पत्रिका जुन्या खोलीत, स्मरणिका नव्यावर, असं चालू द्या. लग्नसराईत त्यांच्यावर नवीन काही लादू नका, यात मामांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

जुना कॅबिनेट लगेच भंगारात देऊ नका. त्यावरचं स्टिकर, आतली सीडी ड्राइव्ह, लॉकसोबत आलेलं पाकीट, श्रीलिपी आणि पेजमेकरच्या मूळ सीड्या, बिलं, हे सगळं एका खोक्यात घालून वर 'एक्सपीचे कागद' असं लिहून ठेवा. जुनी डिस्क कोरड्या जागी, सिलिका जेलची पुडी घालून. एक पूर्ण हंगाम नव्या मशीनवर निघाला की मग कॅबिनेटचं काय करायचं ते ठरवा. डिस्क कधीही विकू नका, तिच्यावर वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. पहिल्यांदा मशीन चालू केल्यावर निळा पडदा आला आणि वर सांगितलेल्या उपायांनी गेला नाही, तर पडद्याचा फोटो काढून पाठवा. सगळे आकडे स्पष्ट दिसतील असा काढा, आणि जुना कॉम्प्युटर इंटेलचा होता की एएमडीचा तेही लिहा.